‘ऐच्छिक’ म्हणजे नेमकं कुणाच्या इच्छेने?

रविवारी तुमच्याकडे लोकमान्य नगरला जेवायला आलो, तेव्हा तू ताटाशेजारीच लॅपटॉप उघडलास. तुझी आई म्हणाली, ‘आधी काकांना जेवू दे गं,’ आणि माझं उत्तर श्रीखंडाबरोबर पोटात गेलं. ते आता नीट लिहितो.

तुझा प्रश्न असा होता. पतसंस्थांसाठी तुम्ही जो प्रोग्राम करता, त्यात सभासदांची यादी एक्सेलमधून चढवायची सोय आहे. तुझ्या लॅपटॉपवर ती चालते, सर्व्हरवर चालत नाही. लॉगमध्ये ओळ येते: ‘मिसिंग ऑप्शनल डिपेंडन्सी ओपनपायएक्सएल’, म्हणजे एक्सेल फाइली हाताळणारी ही ऐच्छिक लायब्ररी इथे नाही, आणि पुढे पिप किंवा कॉन्डाने (हे पायथनचे पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्रामला लागणारं सामान बसवणारी साधनं) ती टाका असा सल्ला. तू ती मुख्य यादीत टाकून मोकळी झालीस. तुमचे सीनियर म्हणाले, ‘ती ऐच्छिक आहे, ऐच्छिकच राहू दे.’ त्यावर तुझा सवाल: लागते तर पॅकेज मॅनेजर स्वतःहून का टाकत नाही? आणि टाकायचीच नसेल, तर ‘हेही सुचवतो’ अशा लांबलचक याद्या छापतो कशाला?

तू बरोबर आहेस आणि सीनियरही. तुम्ही एक्सेल वाचता ते पांडाज या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीतून, आणि पांडाजसाठी ओपनपायएक्सएल ऐच्छिकच आहे. पांडाज सीएसव्ही वाचते, पार्के वाचते, एचटीएमएलमधले तक्ते वाचते, डेटाबेसशी बोलते, आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक कामाला वेगळी लायब्ररी लागते. नुसती सीएसव्ही वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ते सगळं ओझं का ठेवायचं? पण तुमच्या प्रोग्रामसाठी ती ऐच्छिक नाही. सभासदांची यादी एक्सेलमध्येच येते, सोसायटीचे मॅनेजर दुसऱ्या कशात देत नाहीत. पांडाजच्या लेखकांनी सोडलेला निर्णय तुम्ही घ्यायचा होता आणि घेतल्यावर कुठेतरी लिहायचा होता. तुझ्या लॅपटॉपवर तो कधीतरी कुणीतरी हाताने घेतला, आणि लिहिला कुठेच नाही.

आमच्या शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय होता. म्हणजे काय, तर घेणाऱ्याने अर्ज भरायचा. न भरणाऱ्याला वर्षभर कुणी विचारायचं नाही, आणि परीक्षेच्या आधी एखाद्याची आई मुख्याध्यापकांकडे धावायची. आपल्या धंद्यातलं ‘ऑप्शनल’ पुष्कळसं तसंच आहे. फरक इतकाच, की दर पॅकेज मॅनेजरच्या शाळेत अर्जाचा नियम निराळा. शब्द एकच असल्यामुळे लोक फसतात.

डेबियन या लिनक्सच्या वितरणापासून सुरुवात करतो, कारण तिथे याचा सगळ्यात खोल विचार झालाय. तिथल्या पॅकेजच्या माहितीत वेगवेगळे रकाने असतात. ‘डिपेंड्स’ म्हणजे याच्याशिवाय चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे अगदी वेगळी मांडणी सोडली, तर जिथे हे पॅकेज तिथे तेही असतंच. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असलं तर याचा उपयोग वाढेल, नसलं तरी कुणाचं अडत नाही. आणि चौथा, ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही, तो ‘एन्हान्सेस’. हा सजेस्ट्सचा उलटा: मी त्या दुसऱ्या पॅकेजला अधिक उपयोगी करतो, असं छोटं पॅकेज स्वतःच सांगतं. मोठ्याला त्याची खबरही नसते.

तू इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे खातेस ना, त्यावरून लक्षात ठेव. पोहे मागितले की शेव, कांदा, जिरावन मसाला पोहेवाला न विचारता घालतो. नको असेल तर हात चालायच्या आधी ‘बिना प्याज’ म्हणावं लागतं. हे रेकमेंड्स. जलेबी तो विचारतो, जबरदस्ती करत नाही, ते सजेस्ट्स. आणि जिरावनच्या पाकिटावरच ‘पोहे, कचोरी, भुट्ट्याच्या किसावर भुरभुरा’ असं लिहिलेलं असतं, ते एन्हान्सेस. पोह्यांच्या पाकिटावर जिरावनचं नाव कुठेही नसतं.

पूर्वी ऍप्ट, म्हणजे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन, रेकमेंड्स नुसतं दाखवायचं. डेबियन ५.० म्हणजे ‘लेनी’पासून, २००९ पासून, ते न विचारता टाकू लागलं. हा फरक दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. त्याआधी पॅकेज करणारी मंडळी रेकमेंड्स सैल हाताने लिहायची. टाकलंच जाणार म्हटल्यावर दर नावाचं वजन वाढलं आणि बरीच नावं खाली सजेस्ट्समध्ये उतरवावी लागली. नियम कागदावर होता तसाच राहिला, पण वागणूक बदलल्यावर त्याचा खरा अर्थ ठरला.

एकदा कोऱ्या डेबियनवर ‘ऍप्ट इन्स्टॉल गिट’ लिहून थांब (गिट म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणारा प्रोग्राम). एंटर मारल्यावर काय छापलं जातं ते वाच, ‘वाय’ दाबायची घाई करू नकोस. गिटच्या शिफारशीत सीए-सर्टिफिकेट्स, पॅच, लेस आणि एसएसएच क्लायंट असतात. सुचवणीत गिट-डॉक, गिट-ईमेल, गिट-गुई, गिटके, गिटवेब, गिट-एसव्हीएन अशी वरात. पहिल्या गटातली नावं नीट बघ. गिटला स्वतःला चालायला सीए-सर्टिफिकेट्स लागत नाहीत. लोकल रिपॉझिटरीवर तो त्यांच्याविना मजेत काम करतो. पण एचटीटीपीएसवरून क्लोन करायला गेलीस की समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासायला विश्वासू मूळ प्रमाणपत्रांची यादीच हाताशी नसते.

याच जागी मी तोंडावर पडलोय. काही वर्षांपूर्वी एका कामात कंटेनरची इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याचं सगळं सामान एकत्र बांधलेलं गाठोडं, फार फुगली होती. मी ती बांधायच्या डॉकरफाइलमध्ये सगळीकडे ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ (शिफारशी टाकू नका) लावलं, इमेज निम्म्याच्या आसपास आली, पाठ थोपटून घेतली. रात्रीचं एक काम गिटवरून फाइली ओढायचं, ते प्रमाणपत्राच्या तक्रारीने पडायला लागलं. मी त्या आठवड्यात पुण्याला होतो. टीममधल्या एका मुलाने शोधाशोध केली आणि सापडलेला पहिला उपाय लावला: गिटची प्रमाणपत्र-तपासणीच बंद. काम चालू झालं, सगळे खूष. आठ महिन्यांनी मी दुसऱ्याच कारणाने ती फाइल उघडली तेव्हा ती ओळ दिसली. आठ महिने आमचा सर्व्हर समोर कोण आहे हे न बघता कोड आणत होता. त्या मुलाला मी काही बोललो नाही. शिफारशी कापल्या मी, आणि कापताना काय काय गेलं ते वाचलं नाही तेही मीच.

म्हणून तो पर्याय वापरू नये असं मुळीच नाही. कंटेनरमध्ये मी आजही वापरतो. फक्त त्याच ओळीत, कापलेल्यांपैकी जे हवं ते नाव घेऊन परत मागतो: गिट, आणि शेजारी सीए-सर्टिफिकेट्स. तुझ्या कामात याच जातीची दुसरी गोष्ट येईल, फॉन्ट. लिब्रेऑफिस सर्व्हरवर चालवून पीडीएफ काढता ना? फॉन्ट म्हणजे काही लायब्ररी नव्हे. त्याच्याविना प्रोग्राम कोसळत नाही, म्हणून फॉन्ट सक्तीच्या रकान्यात क्वचितच बसतात. शिफारशी कापलेल्या इमेजमध्ये देवनागरी नाव असलेल्या सभासदाच्या पावतीवर रिकामे चौकोन छापले जातात, आणि लॉगमध्ये एरर म्हणून काहीच नसतं. फॉन्ट्स-लोहित-देवा हे नाव थेट लिहून टाक. ‘बहुतेकांना लागतं’ हे ज्याने ठरवलं, त्याच्या ‘बहुतेकां’मध्ये तुमची पतसंस्था असेलच असं नाही.

डेबियनचं मला सर्वात आवडणारं अंग मात्र वेगळं आहे: ते लक्षात ठेवतं. तू नाव घेऊन मागितलेलं पॅकेज ‘मॅन्युअल’, कुणाच्या तरी पाठीमागून आलेलं ‘ऑटो’. गिट काढलास की त्याच्यासाठी आलेली मंडळी ऑटोरिमूव्हमध्ये दिसतात. शिवाय एकदा तू नाही म्हटलेली शिफारस नंतरच्या अपग्रेडला पुन्हा गळ्यात पडत नाही. नव्या आवृत्तीत नव्याने आलेली शिफारसच तेवढी टाकली जाते. आणि एक गंमत: ऑटोरिमूव्ह सजेस्ट्सचाही मान ठेवतं. मशीनवरचं कुठलंही पॅकेज एखाद्याचं नाव नुसतं सुचवत असलं, तरी ते ऑटो पॅकेज झाडलं जात नाही. जुन्या सर्व्हरवर ‘हे अजून इथे का?’ असा प्रश्न पडला, तर बहुधा हे उत्तर असतं. बदलता येतं, पण मी बदलत नाही. जास्तीचं पॅकेज जागा खातं, कमी पडलेलं झोप.

आरपीएमवाल्यांकडे, म्हणजे फेडोरासारख्या लिनक्स वितरणांकडे, हे सगळं उशिरा आलं. २०१४ च्या ४.१२ आवृत्तीत ‘कमजोर’ डिपेंडन्सी मूळ आरपीएममध्ये आल्या, त्याही चार: रेकमेंड्स, सजेस्ट्स आणि त्यांचे उलटे सप्लिमेंट्स, एन्हान्सेस. उलट्या बाजूलाही दोन पायऱ्या ठेवल्या, हे मला डेबियनपेक्षा सरस वाटतं. फेडोरात मराठीचं लँगपॅक टाकलंस की एखाद्या मोठ्या प्रोग्रामचं मराठी पॅकेज आपणहून येऊ शकतं, कारण ते छोटं पॅकेज म्हणतं: अमुक प्रोग्राम आणि मराठी लँगपॅक दोन्ही असतील तर मला बोलवा. मूळ प्रोग्राम करणाऱ्याला जगातल्या भाषांची यादी सांभाळावी लागत नाही. प्लगिनच्या जगाला ही दिशा फार मानवते. पुढे येतोच त्यावर.

आर्च लिनक्समध्ये पॅकमन हा पॅकेज मॅनेजर ऐच्छिक काहीच टाकत नाही. पॅकेज बसलं की खाली ऐच्छिकांची यादी छापतो आणि गप्प बसतो. पण त्या यादीत नावापुढे कोलन देऊन कारण लिहिलेलं असतं: हे कशासाठी. डेबियनच्या सजेस्ट्समध्ये ही सोय नाही, नुसतं नाव. पीएचपी भाषेच्या कंपोझर या पॅकेज मॅनेजरमध्येही ‘सजेस्ट’ म्हणजे नाव आणि समोर मोकळं वाक्य. पूर्वी कंपोझर ही वाक्यं धडाधडा छापायचा, कुणी वाचायचं नाही. आता ‘इतक्या सूचना आहेत, बघायच्या तर अमुक कमांड द्या’ एवढं सांगून थांबतो. याद्या कशाला छापतात, हे तू विचारलंस. त्या तुझ्यासाठी आहेत, मशीनसाठी नाहीत. पण त्या पोचतात नेमक्या ज्या क्षणी तुझं लक्ष प्रॉम्प्ट परत कधी येतोय याकडे असतं त्या क्षणी. उबंटूवर नसलेली कमांड लिहिलीस की ‘ही अमुक पॅकेजमध्ये मिळेल’ असं उत्तर येतं, ती सूचना आपण वाचतो, कारण तेव्हा अडलेलं असतं. तुझी पांडाजची एरर याच जातीची: इन्स्टॉल करताना न सांगता, अडल्यावर सांगणारी.

आता पायथन, म्हणजे तुझं घर. इथे रेकमेंड्सही नाही आणि सजेस्ट्सही नाही. इथे आहेत ‘एक्स्ट्रा’. पॅकेज करणारा ऐच्छिकांचे गट पाडतो, गटाला नाव देतो, आणि वापरणारा चौकटी कंसात ते नाव लिहून मागतो. पांडाजला २.० पासून, म्हणजे २०२३ पासून, असे गट आहेत. पांडाज आणि कंसात ‘एक्सेल’ म्हटलंस की ओपनपायएक्सएल येते, जुन्या एक्सएलएस फाइलींसाठी एक्सएलआरडी येते, लिहिण्यासाठी एक्सएलएसएक्स-रायटर येते, आणखीही दोन-चार. (मॅकवर झी-शेलमध्ये कंस अवतरणात नाही घातलास तर ‘नो मॅचेस फाउंड’ येईल. त्यात पिपचा दोष नाही, शेल त्या कंसाला फाइलींचा नमुना समजतं.)

सोय छान आहे, पण स्मरणशक्ती नाही. डेबियन जे लक्षात ठेवतो ते पिप विसरतो. थेट मागितलेल्या पॅकेजच्या माहितीच्या फोल्डरात ‘रिक्वेस्टेड’ नावाची एक रिकामी फाइल तो ठेवतो, पण कोणता एक्स्ट्रा मागितला हे कुठेच नाही. महिन्याने ‘पिप फ्रीझ’ केलंस तर ओपनपायएक्सएल एक सुटं नाव म्हणून दिसते. ती एक्सेलसाठी आली की कुणी हौसेने टाकली, ओळखायला मार्ग नाही. पांडाज काढलीस तरी ती तिथेच राहते. पांडाज वाढवलीस तरी ती आहे त्याच आवृत्तीवर राहते, आणि मग पांडाजला चालताना आवृत्ती तपासून ‘मला यापेक्षा नवी हवी’ अशी एरर द्यावी लागते. पॅकेज मॅनेजरने करायचं काम लायब्ररी स्वतः करते, कारण मॅनेजरला त्या नात्याची आठवणच नाही. आणि एक्स्ट्राचं नाव चुकीचं लिहिलंस, समज ‘एक्सेल’मधलं एक अक्षर गळलं, तर पिप थांबत नाही. ‘असा एक्स्ट्रा नाही’ असा एक पिवळा इशारा देऊन पुढे जातो. बिल्ड हिरवी, सर्व्हर लंगडा.

म्हणून आठवण ठेवायचं काम तुमच्या रिपॉझिटरीत करायचं. कसं ते शेवटी सांगतो; आधी एक सापळा दाखवतो, जो माझ्या मते सगळ्यात वाईट आहे.

पुष्कळ लायब्रऱ्या एक्स्ट्राची वाट बघत नाहीत. दुसरं पॅकेज मशीनवर आहे का, एवढंच बघतात, आणि असलं तर वागणूक बदलतात. पांडाज एक्सएलएसएक्स लिहिताना एक्सएलएसएक्स-रायटर असेल तर ती वापरते, नसेल तर ओपनपायएक्सएल. वेबवरून मजकूर आणणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी २०२१ च्या २.२६ पासून मजकुराचं एन्कोडिंग ओळखायला चारसेट-नॉर्मलायझर वापरते. पण जुनी चारडेट आवारात पडलेली असेल तर तिला पहिला मान. म्हणजे तू तुझ्या कोडमध्ये एक अक्षर बदललं नाहीस, एखाद्या तिसऱ्याच पॅकेजने चारडेट ओढून आणली, आणि एखाद्या जुन्या हिंदी वेबसाइटच्या मजकुराचा अंदाज बदलला. असे दोष शोधायला दोन-दोन दिवस जातात, कारण कोडचा इतिहास स्वच्छ असतो. तुझ्या लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर नाही, याचं मूळही हेच: दोन्हीकडे कोड तोच, शेजार वेगळा.

तुम्ही स्वतः असं लिहाल तेव्हा एक चूक टाळा. ‘इम्पोर्ट करून बघ, इम्पोर्टएरर आली तर नाही असं धर’ अशा चार ओळी सगळेच लिहितात. पण ती लायब्ररी असूनही तिच्या आतलं काही मोडलं असेल, तरी तीच एरर येते, आणि तुमचा प्रोग्राम ‘नाहीये’ म्हणून निमूट पुढे जातो. मॉड्यूल सापडलंच नाही आणि सापडून फुटलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ पकडून तिच्यातलं नाव तपासा, बाकी सगळं वर जाऊ द्या.

एनपीएममध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरमध्ये, शब्दाचा अर्थच फिरतो. तिथल्या ‘ऑप्शनल डिपेंडन्सीज’ न मागताच टाकल्या जातात. ऐच्छिक आहे ते यश. बसलं तर बसलं, नाही बसलं तर इन्स्टॉल पडू नये. हे मुख्यतः मशीनप्रमाणे वेगळ्या होणाऱ्या बायनरींसाठी वापरतात. ईएसबिल्ड हे जावास्क्रिप्टचं बिल्ड-साधन दर ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसरसाठी वेगळं पॅकेज ठेवतं, सगळी ऐच्छिक म्हणून लिहितं, आणि एनपीएम त्यातलं जुळणारं उचलतं. कल्पना सुरेख. पण अपयश गिळायचंच ठरवल्यावर खरं अपयशही गिळलं जातं. मॅकवर तयार झालेल्या लॉकफाइलमध्ये (म्हणजे नेमक्या आवृत्त्यांच्या नोंदवहीत) लिनक्सची बायनरी नोंदलीच न जाणं हा इतका ओळखीचा दोष झाला, की रोलअप या तशाच दुसऱ्या साधनाच्या एररमध्येच ‘एनपीएममध्ये ऐच्छिकांबाबत दोष आहे, लॉकफाइल आणि नोड-मॉड्यूल्स काढून पुन्हा इन्स्टॉल करा’ असं लिहून टाकलंय. कार्गोत, म्हणजे रस्टमध्ये, निर्णय कंपाइल करतानाच होतो: फीचर चालू केलं तरच कोड आणि डिपेंडन्सी दोन्ही आत. नंतर ‘मिसिंग’ म्हणायची वेळच येत नाही. पण नंतर सर्व्हरवर एखादं पॅकेज टाकून सोय वाढवताही येत नाही. जेंटू लिनक्सचे यूज फ्लॅग त्याच घराण्यातले.

प्लगिनकडे वळतो, कारण तुम्हाला पुढच्या वर्षी पतसंस्थेप्रमाणे वेगळे मॉड्यूल द्यायचेत असं तू म्हणालीस. प्लगिनचं नातं उलटं असतं. यजमान प्लगिन मागत नाही, प्लगिन यजमान मागतो, आणि तोही ‘माझ्यासाठी नवा आणा’ असं नाही, ‘घरात आहे तोच, पण अमुक आवृत्तीचा असावा’ असं. एनपीएमने यासाठी ‘पीअर डिपेंडन्सी’ काढली आणि मग तिचं काय करायचं यावर दोनदा मन बदललं. आधी आपोआप टाकायचे; २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून नुसता इशारा; २०२० च्या सातव्यापासून पुन्हा आपोआप, आणि जुळलं नाही तर इन्स्टॉलच अडवायचं. लोकांनी वैतागून ‘लेगसी-पीअर-डेप्स’ लावायची सवय लावून घेतली, म्हणजे इशारा पुन्हा बंद. या नात्याकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते रिऍक्ट ही वेबपानांची लायब्ररी वापरणाऱ्यांना विचार: एका पानात रिऍक्टच्या दोन प्रती, आणि ‘इनव्हॅलिड हुक कॉल’. पीअरला ‘ऐच्छिक’ अशी खूणही करता येते, आणि ती मला मनापासून पटते. तिचा अर्थ: नसलास तरी चालेल, पण असलास तर या आवृत्तीचा अस.

दुसरी बाब विश्वासाची. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाचा प्लगिन पिपने टाकला की तो चालूच होतो; एंट्री पॉइंटमध्ये नाव नोंदलेलं असतं, पायटेस्ट ते वाचून उचलतो. बसलेला म्हणजे चालू, मधे कुणी विचारत नाही. टेस्टसाठी ठीक आहे. पैशांचे हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रामला ठीक नाही. कंपोझरचे प्लगिन तर इन्स्टॉल होतानाच स्वतःचा कोड चालवतात, म्हणून २.२ आवृत्तीपासून, डिसेंबर २०२१ पासून, प्रकल्पाच्या फाइलीत कोणत्या प्लगिनला परवानगी हे नाव घेऊन लिहावं लागतं. तुम्हीही तेच करा. प्लगिन सापडणं वेगळं, चालू करणं वेगळं. चालू असलेल्यांची यादी तुमच्या कॉन्फिगमध्ये असू दे.

आणि एरर मेसेजमध्ये किंवा माहितीत ‘अमुक प्लगिन टाका’ असं सुचवत असाल, तर ते नाव पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात, तुमचंच आहे ना, हे आधी बघा. नसलेलं नाव सुचवणं म्हणजे ते कुणीही जाऊन नोंदवावं असं आमंत्रण. कंपन्यांच्या आतल्या पॅकेजांची नावं बाहेरच्या रजिस्ट्रीवर नोंदवून आत कसं शिरता येतं, हे ऍलेक्स बिरसान यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलंच आहे.

ऐच्छिक म्हणजे किरकोळ, असं वाटत असेल तर एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं २०२४ चं प्रकरण आठव. २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलेलं ते मागचं दार, म्हणजे कोडमध्ये लपवलेली चोरवाट, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होतं. सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणारं ओपनएसएसएच मुळात एक्सझेडची लायब्ररी, लिबएलझेडएमए, वापरतच नाही. पण डेबियनसारख्या वितरणांनी एसएसएच सर्व्हरला सिस्टिमडीला (लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) ‘मी तयार आहे’ एवढा निरोप देता यावा म्हणून लिबसिस्टिमडी जोडली होती, आणि तिच्यामागून लिबएलझेडएमए आत आली. निरोप एका ओळीचा, आणि तो नेणाऱ्याबरोबर अख्खं बिऱ्हाड. सिस्टिमडीने २५६ आवृत्तीत, त्याच वर्षी जूनमध्ये, या कॉम्प्रेशन लायब्रऱ्या सक्तीच्या जोडणीतून काढल्या; गरज पडेल तेव्हाच चालत्या प्रोग्रामने उघडायच्या. पण असं केलं की पॅकेज करणाऱ्या साधनांना त्या दिसेनाशा होतात, कारण ती बायनरीतली जोडणी वाचूनच डिपेंडन्सी ठरवतात. म्हणून त्यांनी बायनरीतच एक टीप ठेवायची पद्धत सुरू केली: मी चालताना अमुक लायब्ररी उघडू शकतो, आणि ती माझ्यासाठी सक्तीची, शिफारशीची की सुचवणीची. निर्णय पुढे ढकलला, पण त्याची नोंद पुढे नाही ढकलली.

ऐच्छिक वाढवायचा मोहही आवर. दहा ऐच्छिक गोष्टी म्हणजे १०२४ मांडण्या, आणि तुम्ही तपासता त्यातली एक, स्वतःच्या लॅपटॉपवरची. मॅकच्या होमब्रू या पॅकेज मॅनेजरने २०१९ मध्ये आपल्या मुख्य संग्रहातले इन्स्टॉलचे पर्यायच काढून टाकले. लोक चिडले, पण न तपासलेल्या जोड्या विकत बसण्यापेक्षा ते बरं, असं माझं मत.

तर सोमवारी हे कर. ओपनपायएक्सएल तुमच्या पायप्रोजेक्ट फाइलीत ‘एक्सेल’ नावाच्या एक्स्ट्रामध्ये घाल, पीडीएफचं सामान ‘पीडीएफ’मध्ये. इथवर सीनियरांचं ऐकलंस. मग सर्व्हरच्या डिप्लॉय फाइलीत तुमचं पॅकेज एक्सेल आणि पीडीएफ दोन्ही एक्स्ट्रांसह मागव आणि त्यावरून आवृत्त्यांसकट लॉकफाइल काढ. सर्व्हर तिच्यावरूनच उभा राहायला हवा, कुणाच्या हाताने नाही. टेस्ट दोन मांडण्यांत चालव: एक्स्ट्राविना, आणि सगळ्या एक्स्ट्रांसह. एक्स्ट्राविना चालणाऱ्या टेस्टमध्ये एक्सेल चढवून बघ आणि नीट एरर येते ना तेच तपास. प्रोग्राम सुरू होतानाच लॉगमध्ये एक ओळ छाप: एक्सेल चालू, पीडीएफ बंद, ज्या त्या आवृत्तीसह. आणि सोसायटीच्या क्लार्कला ‘मिसिंग ऑप्शनल डिपेंडन्सी’ कधीच दिसता कामा नये. त्याच्यासाठी ती डिपेंडन्सी नाही की ऐच्छिक नाही. त्याला ‘ही सोय या सर्व्हरवर चालू नाही, आयटीला कळवा’ असं हिंदीत सांग.

त्याआधी लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्हीकडे ‘पिप फ्रीझ’ करून दोन्ही याद्या मला पाठव. लॅपटॉपवर एक्सएलएसएक्स-रायटर दिसली आणि सर्व्हरवर नसली, तर तुझ्या एक्सेलच्या डाउनलोडचा कोडही एकदा बघावा लागेल. तो आज चालत असेल, पण दोन्हीकडे वेगळ्या लायब्ररीने.